उपचार संपतात आणि मुलं गटापर्यंत पोहोचतच नाहीत: १६ ते २२ वयोगटासाठी काय करावं?

अनुजा_स

डिटॉक्स आणि समुपदेशन पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या १६ ते २२ वयाच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून एकदा भरणारा स्वमदत गट उभा करायचा आहे. जागा ठरली आहे. बरीच वर्षं व्यसनापासून दूर असलेली तीन माणसं सोबत आहेत, पण तिघंही चाळिशीच्या पुढची. अडचण अशी, की उपचार करणारे म्हणतात "आता गटाला जात जा", मुलं मान डोलावतात आणि जात नाहीत. गेलीच तर एकदा.

मोघम सल्ला नको, नेमकी कृती हवी आहे. मुलाला गटात आणायचं कधी, उपचार चालू असताना की संपल्यावर? ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉईनसारख्या व्यसनावरच्या उपचाराची गोळी) चालू असलेल्या मुलाला गटातलं कुणी "गोळी चालू आहे म्हणजे तू क्लीन नाहीस" म्हणालं तर काय करायचं? आईवडिलांना किती सांगायचं? आणि नशा करणारी आठ-दहा मुलं एका खोलीत बसवली की ती एकमेकांना आणखी बिघडवतात, या भीतीत कितपत तथ्य आहे?

वाटसरू

गळती तुम्ही म्हणताय तिथेच होते. दोष मुलांच्या इच्छाशक्तीला दिला जातो, पण खरी चूक त्या "जात जा"मध्ये असते. सिसन आणि मॅलम्स यांनी १९८१ साली दारूचा त्रास असलेल्या २० जणांवर एक छोटा प्रयोग केला होता. एका तुकडीला गटाची माहिती, वेळ आणि पत्ता देऊन जायला सांगितलं. दुसऱ्या तुकडीच्या बाबतीत समुपदेशकाने रुग्ण समोर असतानाच गटातल्या एका सदस्याला फोन लावला आणि त्या सदस्याने मीटिंगला सोबत न्यायचं कबूल केलं. दुसऱ्या तुकडीतले सगळे मीटिंगला गेले, पहिलीतला एकही गेला नाही. माणसं वीसच होती हे खरं, पण गटासाठी माणूस जोडून देण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली तिचा गाभा हाच आहे.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: उपचार चालू असतानाच. मुलाचं डोकं थोडं ताळ्यावर आलं, झोप लागायला लागली, की लगेच. समुपदेशकाने त्याच्यासमोर फोन लावावा, स्पीकरवर. सदस्याने स्वतःचं नाव सांगावं, आपण कुठे उभे असू ते सांगावं आणि दोन मिनिटांत फोन ठेवावा. लांबलचक उपदेश झाला तर मूल तिथेच मनाने बाहेर पडतं. मीटिंगच्या दिवशी मुलाला आधीच माहीत असलेल्या ठिकाणी पंधरा मिनिटं आधी भेटायचं आणि सोबत आत जायचं. अनोळखी दाराशी एकटं उभं राहणं या वयात फार जड जातं, आणि बरीचशी मुलं त्या दारावरूनच परत फिरतात.

आत काय होणार हे आधी सांगितलेलं असावं, अगदी बारीक तपशिलासकट. खुर्च्या गोल मांडलेल्या असतील. कुणीतरी सुरुवातीला एक पान वाचेल. मग एकेक जण बोलेल, मध्ये कुणी टोकणार नाही, प्रश्न विचारणार नाही. नवीन कोण आहे असं विचारतील, हात वर केला नाही तरी चालतं. पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" एवढं म्हणून पुढे जाता येतं. "मी व्यसनी आहे" असं म्हणण्याची सक्ती नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या तिसऱ्या परंपरेत सदस्यत्वाची अट एकच आहे: दारू सोडण्याची इच्छा. शेवटी सगळे उभे राहून एकत्र काही म्हणतील, त्याला नुसतं उभं राहता येईल. एवढं माहीत असलेलं मूल खुर्चीत टेकून बसतं. माहीत नसलेलं मूल तासभर फक्त दार न्याहाळतं.

पहिली मीटिंग शक्यतो खुली असावी, म्हणजे समुपदेशक किंवा मोठा भाऊ सोबत बसू शकतो. बंद मीटिंगला फक्त ज्यांना स्वतःला त्रास आहे तेच येतात. मीटिंगनंतर एक-दोन दिवसांत समुपदेशकाने विचारायचं. "कशी वाटली?" असं विचारलं तर "बरी" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी "कुणाचं बोलणं डोक्यात राहिलं? कुणाचं अजिबात पटलं नाही?" असं विचारावं. दुसऱ्या प्रश्नावर मुलं भरभरून बोलतात, आणि अडचण कुठे आहे ते तिथेच कळतं.

आता वयाचा मुद्दा, कारण तुमचे तिघंही चाळिशीपुढचे आहेत. जॉन केली आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत असं दिसलं, की किशोरवयीन मुलं ज्या मीटिंगांना जातात तिथे निदान बरीचशी माणसं त्यांच्या वयाची असली तर ती जास्त वेळा जातात आणि त्यांना ती जास्त उपयोगाची वाटते. यात नवल नाही. ४५ वर्षांचा माणूस मोडलेला संसार, गेलेली नोकरी, यकृताचा आजार यांबद्दल बोलतो. १७ वर्षांच्या मुलाकडे यातलं काहीच नाही. त्याची वार्षिक परीक्षा बुडाली आहे, मित्र तुटलेत, घरातून फोन चोरून विकलाय. तो मनात हिशेब करतो: "यांच्याइतकं माझं झालेलंच नाही, म्हणजे मी बरा आहे." म्हणून मोठ्या सदस्यांना सांगून ठेवा की बोलताना स्वतःच्या पहिल्या दोन वर्षांबद्दल बोलायचं. पहिलं खोटं कधी बोललो, पहिल्यांदा एकट्याने कधी घेतली, कुठली मैत्री गेली. तिथे धागा जुळतो. आणि पहिल्या सहा महिन्यांत मुलं दोघं-तिघं मिळून येतील असं बघा. तरुणांच्या मीटिंगा हा काही नवा शोध नाही, तरुण एए सदस्यांची आंतरराष्ट्रीय परिषद १९५८ पासून भरते आहे.

सुरक्षिततेबद्दल मात्र मी कडक आहे. गटात जुन्या सदस्याने नव्या, कोवळ्या सदस्याशी लगट करणं याला, एए-च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमावरून, 'तेरावी पायरी' म्हणतात. त्याला नाव पडलं आहे याचाच अर्थ तो प्रकार घडतो. स्पॉन्सर, म्हणजे नव्या सदस्याला सोबत करणारा जुना सदस्य, मुलीला बाईच आणि मुलाला पुरुषच, आणि त्या नात्यात आकर्षणाला वाव नाही ना हे पाहून. १८ च्या आतल्या मुलाला सदस्याने एकट्याने गाडीतून नेऊ नये, बंद खोलीत एकटं भेटू नये, पैसे उसने देऊ-घेऊ नयेत, रात्री उशिरा खासगी चॅट करू नये. हे चार नियम छापून भिंतीवर लावा आणि तिघांपैकी एकाचं नाव तक्रारीसाठी जाहीर करा. एखादी गंभीर गोष्ट कानावर आली तर ती गुप्ततेच्या नावाखाली गटात मिटवायची नाही.

औषधयोग

वाटसरू यांच्या सगळ्या म्हणण्याला दुजोरा. वैद्यकीय बाजू नेमकेपणाने लिहिते, कारण गट चालवणारी माणसं नकळत इथे चूक करतात.

गटात आलेलं मूल "आजपासून बंद" असं जाहीर करतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. कोणतं द्रव्य, हे आधी विचारा. रोज दारू पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर सहा तासांनंतर हात थरथरणं, घाम सुरू होतो, आकडी येण्याचा धोका साधारण ४८ तासांपर्यंत असतो आणि भ्रमाची अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते. अल्प्राझोलामसारख्या चिंतेवरच्या गोळ्या रोज घेणाऱ्यालाही एकदम बंद केल्यावर आकडी येऊ शकते, त्या डॉक्टरच्या देखरेखीत हळूहळू कमी करत न्याव्या लागतात. या दोन्हींत जीव जाऊ शकतो. अशा मुलाला गटातून थेट डॉक्टरकडे न्यायचं.

ब्राऊन शुगर, हेरॉईनची टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावरचा शारीरिक त्रास, ८ ते २४ तासांत लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते आणि आठवडाभरात ओसरते. निरोगी तरुणाचा जीव त्याने सहसा जात नाही, पण उलट्या-जुलाबांनी पाणी कमी होतं. गांजा बंद केल्यावर पहिल्या तीन दिवसांत चिडचिड, भूक मरणं, झोप उडणं सुरू होतं, पहिल्या आठवड्यात जोर असतो, दोन-तीन आठवड्यांत बरंच कमी होतं. विचित्र स्वप्नं मात्र त्यानंतरही पडत राहतात. "गांज्याला विदड्रॉल (बंद केल्यावरचा त्रास) नसतो" असं मुलाला सांगू नका. दहाव्या दिवशी रात्री तीन वाजता जागं असलेलं मूल मग समजतं की आपल्यातच काहीतरी बिघडलंय. उत्तेजक द्रव्यं थांबल्यावर मूल खूप झोपतं आणि नंतर मन खोल बुडतं. त्या दिवसांत आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

आता गोळीचा प्रश्न. हेरॉईन मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (द्रव्याला प्रतिसाद देणाऱ्या जागांवर) बसतं, ब्युप्रेनॉर्फिनही त्यांच्यावरच बसतं, पण अर्धवट काम करतं. त्यामुळे टर्की थांबते, तलफ कमी होते, आणि एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी परिणाम फारसा वाढत नाही. अमेरिकेत ते १६ वर्षांवरच्या रुग्णांसाठी मान्य आहे, आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली ओपिऑइडचं (अफू, हेरॉईनच्या गटातल्या द्रव्यांचं) गंभीर व्यसन असलेल्या किशोरवयीनांना औषधोपचार देऊ करावेत अशी भूमिका घेतली. गटाच्या दबावाखाली मुलाने गोळी बंद केली तर दोन-तीन आठवड्यांत शरीराची सवय मोडलेली असते. मग जुन्या सवयीने जुनाच डोस घेतला, की श्वास थांबतो. डिटॉक्सनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे का, याचं उत्तर हेच.

म्हणून "क्लीन नाहीस"ला गटाचं उत्तर आधीच ठरलेलं असावं. एए-च्या स्वतःच्या साहित्यात स्पष्ट आहे की कुठल्याही सदस्याने डॉक्टर बनू नये. नार्कोटिक्स अॅनॉनिमस या इतर अमली पदार्थांसाठीच्या तशाच गटातही सदस्यत्वाची अट वापर थांबवण्याची इच्छा एवढीच आहे, पण काही मीटिंगांत गोळी चालू असलेल्याला बोलू देत नाहीत किंवा सेवेची जबाबदारी देत नाहीत. मुलाला पाठवण्याआधी फोन करून विचारा. तुमच्या गटाच्या सुरुवातीच्या वाचनात एक ओळ घाला: "डॉक्टरने दिलेल्या औषधाबद्दल इथे कुणी सल्ला देणार नाही, आणि स्वतःची गोळी दुसऱ्याला देणार नाही." दुसरा भाग तितकाच गरजेचा आहे. झोप येत नाही म्हणणाऱ्या मुलाला प्रेमापोटी आपली झोपेची गोळी काढून देणारी माणसं असतात.

गोळी घेण्याची रीतही चुकते. ती जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत ठेवायची, पाचेक ते दहा मिनिटं. तेवढ्या वेळात बोलायचं नाही, गिळायची नाही. गिळली तर फारच थोडं औषध रक्तात पोहोचतं, आणि मूल म्हणतं "गोळी लागू पडत नाही". विरघळल्यावर घोटभर पाणी तोंडात फिरवून गिळायचं आणि दात तासाभराने घासायचे, नाहीतर दात किडतात. पहिला डोस टर्की नीट सुरू झाल्यावरच, डॉक्टर ठरवतील त्या वेळी. घाईने घेतला तर गोळीनेच जोरदार टर्की लागते आणि त्या अनुभवानंतर मूल पुन्हा गोळीला हात लावत नाही. नालट्रेक्झोन (ओपिऑइडचा परिणाम अडवणारं औषध) सुरू करायचं असेल तर आधी ७ ते १० दिवस ओपिऑइड पूर्ण बंद हवं, कारण तेच.

गटाच्या जागी नालोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडचा अतिडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकातला फवारा असावा आणि किमान दोघांना वापरता यावा. हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही मूल जागं होत नाही, श्वास अगदी मंद किंवा घरघरता, ओठ निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: अशा वेळी रुग्णवाहिका बोलवायची आणि एका नाकपुडीत ४ मिलीग्रॅमचा पूर्ण फवारा. तोंडाने श्वास देत राहायचा. दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. शुद्ध आली तरी एकटं सोडायचं नाही, कारण फवाऱ्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि द्रव्य अंगात त्याहून जास्त वेळ असू शकतं. दारूवर किंवा झोपेच्या गोळ्यांवर त्याचा उपयोग नाही, पण शंका असेल तर द्यावा, नुकसान होत नाही.

कागदपेन

"एकत्र बसवलं की बिघडतात" या भीतीला आधार आहे. थॉमस डिशन यांनी दाखवलं की वाह्यात वागणाऱ्या मुलांचे गट नीट न सांभाळले तर नियम मोडण्याच्या गोष्टींना मिळणारं हसूच बक्षीस ठरतं आणि तसं वागणं वाढतं. पण म्हणून गटच नको, हा निष्कर्ष चूक. गांजा वापरणाऱ्या किशोरवयीनांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ६०० मुलांवर पाच उपचारपद्धती तपासल्या. त्यातली सगळ्यांत आटोपशीर पद्धत अशी होती: दोन भेटी एकट्याने, प्रेरणा वाढवण्यासाठी, आणि तीन सत्रं गटात, 'नाही' म्हणणं, तलफ सांभाळणं, आधाराची माणसं जोडणं शिकण्यासाठी. मुलांमध्ये सुधारणा झाली.

अनुजाताई, यातून घेण्यासारखं म्हणजे गटाआधी दोन भेटी एकट्याने घ्या. तिथे चार चौकोनांचा कागद करा: चालू ठेवलं तर फायदे, तोटे, सोडलं तर फायदे, तोटे. 'चालू ठेवण्याचे फायदे' या चौकोनापासून सुरुवात करा आणि तो प्रामाणिकपणे भरू द्या. "झोप लागते", "वर्गात कुणाशी बोलायला भीती वाटत नाही", "घरातली भांडणं ऐकू येत नाहीत". पुढच्या सगळ्या कामाची यादी तिथेच मिळते. हा कागद १९९४ पासून चालणाऱ्या स्मार्ट रिकव्हरीच्या गटांतही वापरतात. ते गट निधर्मी आहेत. ज्या मुलाला ईश्वराचा उल्लेख खटकतो त्याच्यासाठी तो चांगला पर्याय, आणि काही मुलं दोन्हीकडे जातात, तेही चालतं.

खोलीतले नियम मोजकेच ठेवा. किती घेतलं, कुठून मिळवलं, कशी धुंदी चढली, हे बोलायचं नाही. परिणाम आणि भावना बोलायच्या. कुणी घसरलं तर चालवणाऱ्याने शांतपणे "त्यानंतर काय झालं?" एवढं विचारून गाडी वळवायची. आठ ते दहापेक्षा जास्त मुलं नकोत. या वयाला एक तास पुरे, दीड तासात कुजबुज सुरू होते. दोन मोठी माणसं हवीत: एक बोलण्याकडे लक्ष देणारा, दुसरा चेहऱ्यांकडे. एकत्र नशा करणारे दोन मित्र पहिले दोन महिने एकाच मीटिंगला नकोत.

आणि एक जागा सगळे विसरतात: फाटक. मीटिंगआधीची दहा मिनिटं आणि नंतरची वीस. नंबरांची देवाणघेवाण, "चल, एक शेवटची" हे तिथे होतं, खोलीत नाही. दुसऱ्या मोठ्या माणसाची जागा शेवटचं मूल जाईपर्यंत फाटकात.

घरधागा

पालकांबद्दल. जेवढी गुप्तता मुलाला देणार तिची सीमा पहिल्याच दिवशी तिघांनी एकत्र बसून ठरवावी: मूल, पालक आणि समुपदेशक. साधारण अशी: मूल आलं की नाही एवढं पालकांना कळेल. काय बोललं ते कळणार नाही. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा किंवा मुलाचं शोषण यातलं काही असेल तर गुप्तता राहणार नाही. हे मुलाच्या तोंडून म्हणवून घ्या. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो.

पालकांना हातात काम द्या, नाहीतर ते पाळत ठेवतात. रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केलेली 'क्राफ्ट' पद्धत यासाठी आहे. १९९९ च्या अभ्यासात, उपचाराला नाही म्हणणाऱ्या, दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांना तीन पद्धतींनी मदत केली. क्राफ्टने ६४ टक्के जण उपचाराला आले, सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीने ३० टक्के आणि अल-अॅनॉनकडे वळवण्याने १३ टक्के. अल-अॅनॉनवर यात अन्याय नको. १९५१ पासून चाललेला तो गट घरच्या माणसाला स्वतःला सावरण्यासाठी आहे, दुसऱ्याला उपचाराला आणण्यासाठी नाही. घरात भावंडं असतील तर किशोरवयीनांसाठीचं, १९५७ पासूनचं अलाटीनही आहे.

रोजच्या भाषेत पद्धत अशी. मूल शुद्धीत असेल तेव्हा वेळ, गप्पा, आवडीची गोष्ट. नशेत असेल तेव्हा भांडण नाही, समजूत नाही, सेवाही नाही: "तू आत्ता घेऊन आलायस. मला तुझ्याशी बोलायचंय, पण आत्ता नाही. सकाळी बोलू." इतकं म्हणून खोलीत जायचं. श्वासावर, शुद्धीवर लक्ष ठेवायचंच, ते सोडायचं नाही. कॉलेजात गैरहजेरीबद्दल खोटी चिठ्ठी लिहून देणं, उधारी फेडणं हे थांबवायचं, म्हणजे कृतीचा परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतो. उपचाराचा विषय तो स्वतः पस्तावलेला असतो तेव्हाच काढायचा, आणि त्या क्षणी भेटीची वेळ तयार हवी. "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणेपर्यंत ती खिडकी बंद होते.

पालकांच्या हातून हमखास होणारी चूक: मूल तीन आठवडे बरं राहिलं की कौतुक थांबतं आणि संशय तेवढा उरतो. खिसे तपासणं चालूच. मुलाला वाटतं, घेतली काय, नाही घेतली काय, वागणूक तीच.

अनुजा_स

सगळ्यांचे मनापासून आभार. गटाआधी दोन भेटी, समोर बसून फोन आणि फाटकावर माणूस, हे लगेच करता येईल. अजून दोन प्रश्न. मूल पुन्हा घेऊन आलं तर गटात काय करायचं? आणि लघवीची चाचणी गटात ठेवावी का?

औषधयोग

गटात चाचणी नको. ती उपचाराचा भाग आहे, गट हा विश्वासाचा. शिवाय तिचा अर्थ लावणं सोपं नाही. पट्टीवरची चाचणी प्राथमिक असते, काही साध्या औषधांनीही ती खोटी सकारात्मक येते. नोकरी, शाळा किंवा घरातलं स्थान पणाला लागणार असेल तर प्रयोगशाळेत खात्रीची चाचणी केल्याशिवाय निर्णय नको. रोज गांजा घेणाऱ्याची चाचणी बंद केल्यावरही महिनाभर सकारात्मक येऊ शकते, एकदाच घेणाऱ्याची तीनेक दिवसांत नकारात्मक होते. कृत्रिम गांजा आणि फेंटॅनिल नेहमीच्या पट्टीत दिसत नाहीत. ब्युप्रेनॉर्फिनसाठीही वेगळी पट्टी लागते. ती नसेल तर गोळी नियमित घेणाऱ्या मुलावर उगाच संशय येतो.

उपचारकेंद्रात चाचणी बक्षिसाला जोडली तर चांगली चालते. आठवड्यातून दोनदा चाचणी, नकारात्मक आली की लगेच छोटं बक्षीस, सलग आल्या की बक्षीस वाढत जातं, सकारात्मक आली की पुन्हा पहिल्या पायरीवर. ओरडा नाही, प्रवचन नाही. बक्षीस त्याच वेळी हातात पडलं पाहिजे. महिनाअखेरीचं आश्वासन या वयात काम करत नाही.

वाटसरू

नशेत असलेलं मूल त्या दिवशी गोलात बसणार नाही, पण त्याला फाटकातून हाकलायचंही नाही. एक मोठा माणूस त्याच्यासोबत बाहेर बसेल, श्वास आणि शुद्ध ठीक आहे ना पाहील, घरी सुरक्षित पोहोचवण्याची सोय करेल आणि पुढच्या मीटिंगची वेळ सांगेल. दुसऱ्या दिवशी फोन.

बारा पायऱ्यांच्या गटांत घसरणीनंतर नशामुक्त दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून होते. मोठ्यांना ते पेलतं. मुलाला वाटतं, सगळंच गेलं, मग आता काय राहिलं, आणि एका दिवसाची स्लिप (घसरण) महिनाभराचा रिलॅप्स (पुन्हा नशेत परतणं) बनते. म्हणून दोन आकडे लिहा: आजचा सलग दिवस, आणि त्याखाली 'गेल्या ९० पैकी ८६'. दुसरा आकडा मुलाला सोबत घरी न्यायला सांगा. मग घसरणीचा माग काढायचा, उलट्या दिशेने: घेतली त्याच्या तासभर आधी कुठे होता, सकाळी काय झालं होतं, आदल्या रात्री झोपला होता का. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी दोन तरी सापडतातच. दुरुस्ती तिथे करायची, शपथेत नाही.

प्रत्येक मुलाच्या खिशात एक कार्ड हवं, ओळखपत्राएवढं. एका बाजूला तीन फोन नंबर, ज्यांनी रात्री अकरापर्यंत उचलायचं कबूल केलंय अशांचे. दुसऱ्या बाजूला त्याच्याच अक्षरात तीन ओळी: तलफ आली की मी कुठून निघून जाईन, कुणाला फोन करीन, पुढचा अर्धा तास काय करीन. तलफेची लाट बहुधा तेवढ्या वेळात चढून उतरते, पण पहिल्यांदा हे कुणाला खरं वाटत नाही. म्हणून गटातच एकदा फोन लावायचा सराव करून घ्या. खोलीच्या दोन टोकांना दोघं, खरा फोन, खरा नंबर: "मला आत्ता घ्यावीशी वाटतेय." हे वाक्य एकदा मोठ्याने म्हटलेलं असलं की रात्री साडेदहाला ते तोंडातून निघतं.

घरधागा

एक राहिलं. नऊ मुलगे आणि एकच मुलगी असं होण्याची शक्यता मोठी आहे. तिला आधी एका स्त्री सदस्याशी जोडून द्या आणि गटात आणाल त्या दिवशी खोलीत निदान दोन बायका असू द्या. तशी सोय होईपर्यंत फक्त स्त्रियांची ऑनलाइन मीटिंग चालेल, कॅमेरा बंद ठेवून, हेडफोन लावून. घरच्यांपैकी कुणाच्या कानावर पडणार नाही अशी जागा तिला त्या तासापुरती मिळतेय ना, हे मात्र आधी तिलाच विचारा.